दाराबाहेरची मसलत

दवाखान्यात तपासणीच्या खोलीबाहेर एक लांब बाक असतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांचे मोठे निर्णय अलीकडे त्या बाकाजवळ उभं राहून होतात. डॉक्टर आत काहीतरी सांगतात. मुलगा किंवा जावई बाहेर येतो, मोबाईलवर दुसऱ्या भावाशी हळू आवाजात बोलतो आणि ‘बाबांना इतक्यात काही सांगू नका’ असं ठरतं. ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललेलं असतं ते बाबा त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला, फाईलची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले असतात. त्यांना सगळं दिसत असतं.

काही वर्षांपूर्वी, रमजानला आठवडा उरलेला असताना, अशाच एका बाकावर आमचे अब्बा बसले होते. मधुमेह जुना, रक्तदाब त्याहून जुना. डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं, की किडन्या पंधरा-वीस टक्क्यांवर आल्या आहेत, डायलिसिस आज नाही पण दूरही नाही, आणि रोजे मुळीच नकोत. मी आणि धाकट्या भावाने दोन मिनिटांत निर्णय घेतला. महिना तोंडावर आलाय, त्यांचं मन मोडेल, ईदनंतर सांगू. अब्बांना मी म्हणालो, ‘शुगर जरा वाढलीय, जमतील तसे रोजे ठेवा.’ साठ वर्षांत एकही रोजा न सोडलेला माणूस ‘जमतील तसे’ याचा काय अर्थ घेणार? त्यांना सगळेच जमत होते.

अकराव्या रोजाला, असरच्या नमाजनंतर ते अंगणात कोसळले. रक्तात पोटॅशियम वाढलं होतं. त्याच रात्री तातडीने डायलिसिस करावं लागलं. चूक डॉक्टरांची नव्हती, आमची होती. दुसऱ्या दिवशी बोलता येऊ लागल्यावर अब्बा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘मुझसे पूछ तो लेते.’

दरवर्षी मार्चचा दुसरा गुरुवार जागतिक मूत्रपिंड दिन म्हणून पाळला जातो. चांद्र वर्षाच्या फिरत्या चक्रामुळे रमजानही काही वर्षं त्याच दिवसांत येतो. म्हणून या पानावर इबादतीच्या जोडीला आज किडनीचा विषय.

रोजा हा आजारी माणसाच्या घरातला पहिला निर्णय असतो, म्हणून सुरुवात तिथून. ज्या सूरह बकरामध्ये रोजाची आज्ञा आहे, तिथेच १८४ आणि १८५ या आयतींमध्ये आजारी आणि प्रवासी यांना मोकळीक दिली आहे. ही सवलत नंतर कुणा दयाळू मौलवींनी काढलेली पळवाट नाही, ती हुकुमाच्या आतच आहे. बरं होणारा आजार असेल तर राहिलेले रोजे पुढे भरून काढायचे. बरं होण्याची आशा नसेल तर फिदिया द्यायचा, म्हणजे प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाच्या जेवणाची सोय करायची. डायलिसिस घेतल्याने रोजा तुटतो की नाही, यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत. ज्यांना तो प्रश्न पडतो त्यांनी आपल्या विश्वासातल्या आलिमांना जरूर विचारावं. पण शरीराचा हिशेब वेगळा आहे. निकामी होत चाललेली किडनी पाणी आणि क्षार यांचा तोल राखू शकत नाही. दिवसभराचा कोरडेपणा उरलीसुरली ताकदही घालवू शकतो, आणि संध्याकाळी खजूर, केळी, संत्र्याचा रस, खारट भजी असं एकदम पोटात गेलं की पोटॅशियम आणि मीठ दोन्ही चढतात. पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. ज्या खजुराने आपण रोजा सोडतो, तोच खजूर या रुग्णाला मोजून खावा लागतो किंवा सोडावा लागतो. प्रत्यारोपण झालेल्यांचं दुखणं निराळं. त्यांच्या काही गोळ्या ठरलेल्या अंतराने घ्याव्या लागतात, सहेरी-इफ्तारच्या वेळा पाहून त्या मागेपुढे सरकवता येत नाहीत.

हे फक्त मुस्लिम घरांपुरतं आहे असं कुणी समजू नये. एकादशीचं किंवा नवरात्राचं फराळाचं ताट आठवून पाहा. बटाटा, रताळं, केळी, शेंगदाणे. किडनीच्या आहारतज्ज्ञाने ते ताट पाहिलं तर तो कपाळाला हात लावेल. माझ्या एका सहकाऱ्याच्या आईने किडनीचा आजार असताना नऊ दिवसांचे उपवास केले आणि दसरा दवाखान्यात काढला. तिलाही पूर्ण कुणी सांगितलं नव्हतं. ‘आईला उपवास सोड म्हटलं तर तिला वाटेल आपण संपलो,’ असं तो म्हणाला होता. शब्दसुद्धा जवळपास माझेच.

मी उर्दू आणि मराठी अशा दोन भाषांमध्ये वाढलो, त्यामुळे शब्दांकडे जरा जास्त लक्ष जातं. आपण मराठीत ‘सल्लामसलत’ म्हणतो. त्यातला ‘सल्ला’ अरबी आणि ‘मसलत’ही अरबी, दोन्ही फारसीच्या वाटेने मराठीत येऊन इतके रुळले की त्यांचं मूळ गाव कुणाला आठवत नाही. मसलतीचं मूळ ‘मसलहत’, म्हणजे ज्यात भलं आहे ते. मराठीत त्याला खलबताचीही छटा आली, चारजणांनी बाजूला होऊन केलेली बोलणी. आम्ही त्या बाकाजवळ जी केली ती या दुसऱ्या अर्थाची मसलत होती. भलं मनात होतं, पण माणूस बाजूला ठेवला होता.

कुराणात आपसातली कामं विचारविनिमयाने करणाऱ्यांची स्तुती आहे, हे वाझमध्ये अनेकदा ऐकायला मिळतं. मला त्याहून जवळची वाटते ती सूरह बकरामधलीच २३३ वी आयत. तान्ह्या मुलाचं दूध सोडवायचं असेल तर आई आणि बाप यांनी एकमेकांच्या राजीखुशीने, एकमेकांशी बोलून ते ठरवावं, असा तिचा आशय. दूध तोडण्यासारख्या घरगुती गोष्टीत जर दोघांचं बोलणं अपेक्षित असेल, तर आठवड्यातून तीनदा रक्त यंत्रातून फिरवण्याच्या निर्णयात ज्याचं रक्त आहे त्याला विचारायला नको?

आणि शुश्रूषा हा शब्द घ्या. संस्कृतच्या प्राध्यापक बाईंनी स्टाफरूममध्ये मला तो फोडून सांगितला होता. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ नंतरचा. त्या दिवशी मी घरी जाताना अब्बांच्या वाक्याचाच विचार करत होतो.

विचारायचं म्हणजे नेमकं काय, हे पुढच्या दोन वर्षांत आम्ही ठेचा खात शिकलो. पहिली ठेच स्वयंपाकघरात लागली. आहारतज्ज्ञांनी पथ्य समजावलं ते मला. मी ते कागदावर घरी आणलं. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवायच्या, मग उकळून ते पाणी फेकून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. डाळ मोजून, मीठ जपून, पाणी ठरवून दिलेल्या मापाने. पंधरा दिवसांनी माझी पत्नी म्हणाली, ‘यादी तुम्ही आणता आणि भांडी मी उकळते. मला कुणी विचारलं का, की सहा माणसांच्या स्वयंपाकात हे कसं बसवायचं?’ पुढच्या वेळी आहारतज्ज्ञांकडे ती गेली, अब्बा गेले, मी बाहेर गाडीपाशी थांबलो. ती दोघं वीस मिनिटांत जे ठरवून आली ते मला दोन महिन्यांत सुचलं नव्हतं. सगळ्यांसाठी एकच भाजी अळणी करायची आणि बाकीच्यांनी मीठ वरून घ्यायचं. अब्बांचा दिवसाचा पाण्याचा कोटा सकाळीच एका बाटलीत भरून ठेवायचा. त्यातून कधी, किती प्यायचं ते अब्बा ठरवणार, बाटलीवर पहारा कुणी द्यायचा नाही. शेवटची अट अब्बांची होती.

डायलिसिसचा निर्णय याहून मोठा. यंत्रावरचं डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास. पण आपल्याकडे पुष्कळ रुग्ण दोनदाच येतात आणि त्याचं कारण नेहमी वैद्यकीय नसतं. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे सरकारी रुग्णालयांतून गरिबांना हे उपचार मोफत मिळतात, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही ते बसतात. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे रुग्णालय जवळ असणं हे आपल्या जिल्ह्याचं भाग्य म्हणायचं. मात्र यंत्र मोफत असलं तरी आर्वी-आष्टीकडून येणाऱ्या माणसाची एसटी, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, दुपारचं जेवण हे कुठल्या योजनेत धरलेलं नसतं. तिसरी फेरी गळते ती तिथे. आणि ती गाळण्याचा निर्णय घरात कुणी मोठ्याने बोलून घेतलेला नसतो, तो नुसता घडतो. रुग्णाला वाटतं मुलांना माझा भार झालाय, मुलांना वाटतं बाबांनाच कंटाळा आलाय. समोरासमोर बसले तर निदान डॉक्टरांना खरं कारण सांगता येईल.

पोटाच्या पडद्यातून घरच्या घरी करायचं डायलिसिसही आहे. ते बऱ्याच कुटुंबांना सुचवलंच जात नाही, किंवा सुचवलं तर नळी पाहून लोक घाबरतात. त्यात साधारणपणे दिवसातून चार वेळा द्रव पोटात सोडून बाहेर काढायचा असतो. ये-जा वाचते, पण स्वच्छता काटेकोर हवी, नाहीतर पोटात जंतुसंसर्ग होतो. ते कुणाच्या शरीराला मानवेल हे डॉक्टर सांगतील. दोन खोल्यांच्या घरात, पाणी एक दिवसाआड येत असताना, दिवसातून चार वेळा कोण हात घासून बसणार, हे मात्र घरच सांगू शकतं. आणि घर म्हणजे बहुतेक वेळा सून, बायको किंवा लेक. तिचा होकार गृहीत धरून घेतलेला निर्णय महिनाभरही टिकत नाही.

वर्ध्याच्या मातीत राहून दोन म्हाताऱ्यांची आठवण न येणं कठीण आहे. जयप्रकाश नारायण यांच्या किडन्या १९७५ मध्ये, आणीबाणीतल्या कैदेच्या काळात निकामी झाल्या. सुटकेनंतर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचं डायलिसिस सुरू झालं आणि १९७९ मध्ये जाईपर्यंत ते त्या यंत्राच्या आधाराने जगले. जनता पक्षाची जुळवाजुळव त्यांनी याच अवस्थेत केली. यंत्रासाठी पंतप्रधान मदत निधीतून आलेली रक्कम त्यांनी ठेवून घेतली नाही, लोकांच्या वर्गणीची घेतली. उपचार घ्यायचाच, पण कुणाच्या पैशाने घ्यायचा हे आपण ठरवायचं, असा तो माणूस. दुसरे आपल्या पवनारचे विनोबा. त्यांनी कुराण मूळ अरबीतून वाचलं आणि ‘कुराण-सार’ तयार केलं, हे आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या माणसांना आजही अभिमानाने आठवतं. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांनी औषध, अन्न आणि पाणी घेणं थांबवलं. देशभरातून विनवण्या झाल्या. १५ नोव्हेंबरला धाम नदीकाठच्या त्या आश्रमात त्यांनी देह ठेवला. त्यांच्या निर्णयाशी मी स्वतः सहमत होऊ शकत नाही, माझी श्रद्धा मला वेगळं सांगते. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. एकाने यंत्राला हो म्हटलं, दुसऱ्याने औषधाला नाही म्हटलं, आणि दोघांच्याही बाबतीत बोलणारं तोंड रुग्णाचं होतं.

फार वय झालेल्या, इतर आजारांनी थकलेल्या रुग्णासाठी डायलिसिस न करता त्रास कमी ठेवणारे उपचार घेणं हाही किडनीच्या वैद्यकशास्त्रातला मान्य मार्ग आहे. मुलांना ते उच्चारायची लाज वाटते, कारण नातेवाईक काय म्हणतील. आणि काही रुग्णांना सगळं ऐकायचंच नसतं, हेही खरं आहे. ‘तुम्ही बघा काय ते’ म्हणणारी माणसं असतात. त्यांच्यावर टक्केवारी फेकू नये. पण किती ऐकायचं आणि आपल्या वतीने कुणी ऐकायचं, एवढं तरी त्यांनाच विचारता येतं.

गिरडला शेख फरीद बाबांच्या टेकडीवर हिंदू आणि मुसलमान दोघंही दुखण्याचे नवस घेऊन जातात. तिथे आपण आजारी माणसाला धरून धरून वर नेतो आणि त्याचं मागणं त्याच्याच तोंडून मागायला लावतो. तपासणीच्या खोलीत मात्र त्याला बाहेर बसवतो. हे मला अजून उलगडलेलं नाही.

आता किडनीदान. इथे मला सावधपणे लिहायला हवं, कारण यात मी स्वतः गुंतलेलो आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार जवळच्या नात्यातले लोक, म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं, जिवंतपणी किडनी देऊ शकतात. अब्बांच्या वेळी प्रत्यारोपणाची गोष्ट निघाली तेव्हा अम्मीला मधुमेह असल्याने ती बाद झाली. धाकट्या भावाची नोकरी फिरतीची. माझा रक्तदाब ‘जरा’ वाढलेला होता, आणि खरं सांगायचं तर तो वाढलेला निघाला तेव्हा मला हायसं वाटलं. मग सगळ्यांचे डोळे हिंगणघाटला दिलेल्या आपाकडे वळले. एक चाचा म्हणाले, ‘बेटी है, दे देगी.’ आपा तिथेच चहाचे कप गोळा करत होती.

हे आमच्याच घरात घडलं असं नाही. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या आकडेवारीनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९,६९५ पुरुषांची होती आणि ६,९४५ स्त्रियांची. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र दर पाचांत सुमारे चार स्त्रिया. हा कल कायदा करणाऱ्यांच्याही ध्यानात आला असावा. २०१४ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे, की दाता स्त्री असेल तर अधिक काळजी घ्यावी आणि तिची संमती स्वतंत्र आहे याची खात्री रुग्णाव्यतिरिक्त दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावी. नियम चांगला आहे. पण तो लागू होतो रुग्णालयाच्या टेबलावर, आणि तोवर चहाचे कप उचलताना बरंच काही ठरून गेलेलं असतं.

त्या दिवशी अब्बा खोलीत होते. ‘पूछ तो लेते’नंतर आम्ही निदान तेवढं शिकलो होतो. त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि आपाला थांबवून घेतलं. दोघांचं काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आपानेही नाही. बाहेर आल्यावर अब्बा म्हणाले की प्रत्यारोपण नको, डायलिसिसवर जे दिवस मिळतील ते पुरे. आपा रडलेली होती, पण तिचा चेहरा सुटलेला होता. अब्बांचं वय अडुसष्ट होतं. दुसऱ्या एखाद्या घरात, तरुण रुग्णाच्या बाबतीत, याच्या उलट निर्णयही तितकाच योग्य ठरेल. मृत्यूनंतरच्या अवयवदानाचा समन्वय विदर्भासाठी नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रातून चालतो. ती वाट रुंद झाली तर घरातल्या लेकींवरचं हे न बोललेलं ओझं थोडं हलकं होईल. मुसलमान समाजात याबद्दल अजून संकोच आहे आणि आलिमांमध्येही दोन मतं आहेत. त्यावर मशिदीत आणि घरात उघड बोलणं व्हावं असं मला वाटतं.

सेवाग्रामच्या रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी ज्वारीच्या रूपात वर्गणी घेणारी आरोग्य विमा योजना चालवली, हे जुन्या वाचकांना ठाऊक असेल. सुगीच्या वेळी घरटी ज्वारी गोळा व्हायची, आणि गाव एकत्र बसून ठरवायचं तेव्हाच ती चालायची. त्या जिल्ह्यात राहून मी जे मागतोय ते काही मोठं नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक डायलिसिस केंद्राने आठवड्यातला एक तास असा ठेवावा, की रुग्ण, त्याची काळजी घेणारी व्यक्ती, डॉक्टर किंवा समुपदेशक आणि आहारतज्ज्ञ खुर्च्यांवर बसून बोलतील. उभ्याने नाही. डॉक्टरांवर रुग्णांचा लोंढा किती असतो हे मी पाहिलंय, म्हणून रोज नाही म्हणत, एकच तास. कुटुंबांनी प्रश्न वहीत लिहून न्यावेत: आत्ता सुरू केलं नाही तर काय होईल, थांबायला किती वेळ आहे, दुसरा मार्ग कोणता, सोबत कोण येणार. पहिला प्रश्न रुग्णाने विचारावा. आणि या महिन्यात जकात काढणाऱ्यांनी हक्कदार शोधताना त्या बाकाकडेही एकदा पाहावं. गळालेल्या तिसऱ्या फेरीचं एसटी भाडं तिथे सापडेल. गणेश मंडळांनी वर्गणी वळवली तर तीही त्याच गाडीत बसेल.

पुढच्या रमजानला अब्बांनी स्वतः मौलानांना घरी बोलावलं, फाईल दाखवली, विचारायचं ते विचारलं आणि रोजे न ठेवण्याचं ठरवलं. फिदियाचे पैसे त्यांनी माझ्या हातात दिले नाहीत. डायलिसिसला जाताना ते रोज दोन-तीन डबे सोबत घ्यायचे आणि रुग्णांबरोबर आलेल्या, व्हरांड्यात चादर टाकून झोपणाऱ्या गरीब माणसांना आपल्या हाताने द्यायचे. किती दिवसांचा हिशेब झाला ते एका छोट्या डायरीत लिहीत. एका शुक्रवारी मी घाईत डबे कमी नेले. यंत्रावर झोपल्या झोपल्या त्यांनी मोकळ्या हाताने मला डायरी दाखवली आणि म्हणाले, ‘दोन बाकी आहेत. बाहेर बाकावर हिंगणघाटची बाई बसलीय, तिला विचार जेवली का.’